तब्येत विचारनारी माई

गोदामाई कोनाच्या घरी तब्येत विचाराले गेली, का घरचे लोक आधी बिमार मानसाच्या नाकापुढं हात धरून पाहेत. काऊन, तं माईचं कामच तसं होतं. सावंगीले दवाखान्यासमोर पेशंटसोबत आलेले खेड्यातले लोक उपाशी बसून राह्यतेत. त्यायले जेवू घालासाठी माई गावोगाव तेरव्या, म्हंजे मेलेल्याचं तेराव्या दिवसाचं जेवन, मांगे. "गावातले तं घरी जेवतेतच ना बाप्पा! मेलेल्याच्या नावानं उपाश्याले घाल." जवानीपासून हेच. किरान्याचं दुकान पोरायवर सोडलं, पन हे नाई सोडलं.

एकदा मले ताप आलता. साधाच. पन मी बायकोले म्हैस कोनत्या पोराले द्याची तेबी सांगून टाकलं. तेवढ्यात माई आली. कपायावर हात ठेवला अन् म्हने, "नाम्या, तुले भाजी कोनती आवडते रे?"

"मी बरा हाय, माई!" म्हनून मी असा पयालो, का अर्धं धोतर खाटेवरच राह्यलं. बायको आजबी सांगते, ताप गोयीनं नाई, माईच्या सवालानं उतरला.

मंग एका दुपारी मी वांगे तोडून राह्यलो होतो, तं माई वावरात आली. घरी कोनी बिमार नव्हतं. मी टोपली खाली ठेवली.

"कोनाची तेरवी, माई?"

"माही. पोरं मांडव गावातच टाकतीन, मले मालूम हाय. तिकडचे उपाशीच राह्यतीन. म्हनून जित्तेपनीच करून टाकतो. शुक्रवारी. वांगे तू आनजो, कवळे."

"डाक्टर काय म्हने?"

"वांग्याचं बोल."

"माई, मेल्याबिगर तेरवी केली तं यमाचा घोटाळा होईन. तो मलेच नेईन!"

माह्या जोकवर माई नेहमी हसे. त्या दिवशी नाई हसली.

शुक्रवारी दवाखान्यासमोर पंगत बसली. माई सोताच वाढून राह्यली होती. हाताचे निस्ते हाडं, पन बादली कोनाले धरू देल्ली नाई. मी मांगं मिठाची वाटी घेऊन. जोक एकबी सुचला नाई. सोताच्या बायकोले दवाखान्यात भरती केलेला एक परगावचा मानूस बसला होता. त्यानं विचारलं, "मावशी, कोन वारलं?"

"माह्याच घरचं मानूस."

"कसं होतं?"

"लय मांगे लोकायले."

त्यानं पत्रावळीवर हात जोडले. "देव त्यायच्या आत्म्याले शांती देवो."

माई वाकली.

"देईन रे बाबा. भात घे."