संध्यानं मारलेला भाऊ

संध्या कामाला चोख. तक्ते स्वतःच्या हातानं रंगवलेले, मागून कापड लावलेले, म्हणजे पावसाळ्यात फुगायला नकोत. तास अकराचा असला तर ही आधीच तक्ता खिळ्याला अडकवून उभी. अंबरनाथ पश्चिमेतल्या एका व्यसनमुक्ती संस्थेत तिची नोकरी. उल्हासनगरच्या कॅम्प एकपासून बदलापूरपर्यंतच्या शाळांत तिनं पोरांना तंबाखू, दारू, गर्द, खोकल्याचं औषध, पंक्चरचं सोल्युशन, सगळ्याचं नुकसान समजावलं होतं. एकही तास कधी बुडवला नाही. पोरं ऐकायची, म्हणजे गप्प बसायची. मागच्या बाकावर फुल्ली-गोळा चालायचा.

मग संस्थेत राजरत्न आला.

वय तिशीच्या आत. गर्द ओढून घरादारानं हाकललेला, मग उपचार घेऊन त्यातून सुटलेला. तक्ता नाही, तयारी नाही. वर्गात शिरायचा, टेबलाला टेकायचा आणि म्हणायचा, "मी माझ्या आईचं मंगळसूत्र चोरलंय." झालं! सगळा वर्ग श्वास रोखून. पोरी डोळे पुसायच्या, पोरं हात मिळवायला रांग लावायची.

संध्या दारातून बघायची आणि आतल्या आत जळायची. ह्यानं कष्ट ते काय केले? पडला आणि उठला. आपण आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, हा आपला गुन्हा? वर तो मेला गोड स्वभावाचा. "ताई, मी तुमचे तक्ते बघूनच शिकलो," म्हणायचा. भांडायचीही सोय नव्हती.

बदलापूरच्या एका शाळेतली आठवीची तुकडी तिची लाडकी. पाचवीपासून तिनं ती धरून ठेवली होती. दिवाळीच्या सुट्टीआधी तिथल्या प्राची मॅडम म्हणाल्या, "संध्याताई, राग मानू नका, पण पुढच्या वेळी आठवीला राजरत्न सरांना पाठवाल? मुलंच मागतायत."

"पाठवते की," संध्या हसून म्हणाली आणि तशीच धुमसत वर्गात शिरली.

तक्ता तिनं उघडलाच नाही. टेबलाला टेकली आणि तोंडातून निघून गेलं, "माझा एक भाऊ होता. हिरामण. गर्दनं गेला."

सगळ्या माना वर झाल्या. मग तिला थांबताच येईना. हिरामण कसा बिघडला, घरातली भांडी कशी विकली, बारवी धरणाच्या वाटेवर कसा पडलेला सापडला, गावाच्या नावासकट ती रचत गेली. मागचा फुल्ली-गोळा थांबला. एक पोरगी हुंदके देऊन रडली. संध्याला वाटलं, हेच ते. ह्याचीच चव राजरत्न रोज घेतो.

हिरामण त्या वेळी गावात खळ्यावर भात झोडत होता.

भाऊबीजेला तो नव्या तांदळाचं बोचकं घेऊन आला. पाटावर बसला. संध्यानं निरांजन लावून ताट उचललं.

"ताई, जरा थांब," तो म्हणाला. "मी नक्की मेलो कशानं?"

संध्यानं ताट परत खाली ठेवलं.

"आमच्या आळीतली किर्ती यंदा मावशीकडं राहून बदलापूरला शिकते. तुझ्याच वर्गात. तीच रडली म्हणे. तिला वाटलं, ती गावात नसताना मी गेलो. सुट्टीला आली, मला खळ्यावर बघितलं आणि अशी किंचाळली! गाव गोळा झालं. बायको म्हणते, पाय उलटे आहेत का बघू तुमचे."

"हिरामणा, चुकले रे."

"मारायचं होतं तर साप चावून मारायचंस. गर्दुल्ला कशाला केलंस? मी साधी बिडी ओढली नाही कधी. बरं, ओवाळ आता. मेलेल्याचं आयुष्य वाढतंय का बघू."

तिनं ओवाळलं. हसू येत होतं आणि रडूही. करंजी मोडता मोडता हिरामण म्हणाला, "पण पोरगी काय बोलली माहिताय? संध्याताई खोटं बोलतात, म्हणजे तंबाखूचं पण खोटंच असणार."

हे मात्र तिला वर्मी लागलं. भाऊ खोटा निघाला की तक्त्यावरचं काळं फुप्फुसही खोटंच. शाळा उघडली की वर्गभर होणार. एक वाट सोपी होती. मॅडमनी मागितलाच आहे तर राजरत्नला पाठवायचं आणि त्या शाळेचं तोंड पुन्हा बघायचं नाही. पण आपण वाढवलेली तुकडी आयती त्याच्या हातात? छे!

"मीच जाऊन खरं सांगणार," ती म्हणाली.

"मग मी पण येतो. मेलेला माणूस दाखवल्याशिवाय पोरं मानायची नाहीत."

शाळा उघडल्यावर दोघं गेले. संध्या वर्गापुढं ताठ उभी राहिली. "हा माझा भाऊ हिरामण. जिवंत आहे. मी खोटं बोलले."

खसखस पिकली. किर्ती मान खाली घालून बसलेली.

"का बोललात, ताई?" एकानं विचारलं.

"तुम्ही राजरत्न सरांचं ऐकता, माझं ऐकत नाही. मला ते बघवेना."

"म्हणजे जेलस!" मागून आवाज आला. "ताई जेलस झाल्या!"

"हो, झाले. अजून आहे."

वर्ग हसून लोटपोट. हसू ओसरल्यावर किर्ती उठली. "मग तंबाखूचं?"

"ते खरं. तक्त्यातलं एक अक्षर माझ्या मनाचं नाही. डॉक्टरला विचार. खोटं सापडलं तर इथंच, सगळ्यांसमोर सांग मला."

"विचारते," किर्ती म्हणाली आणि मगच खाली बसली.

आता पोरं हिरामणकडं वळली. "काका, खरंच कधी नाही प्यायलात? हळदीला पण?" गावाकडच्या हळदीला बाटली चुकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"हळदीला मी सगळ्यांत जास्त नाचतो. पण गेल्या गेल्या सरबताचा ग्लास धरतो आणि रिकामा होऊ देत नाही. भरल्या ग्लासात कोण ओतणार?"

"आणि जबरदस्ती केली तर?"

"आता सांगीन, एकदा मेलोय, पुरे."

तास संपला तरी पोरं त्याला सोडेनात. एकानं तर नाचूनच दाखवायला लावलं. संध्या खिडकीशी उभी राहून बघत होती. इतकी वर्षं तिनं त्याला हे कधी विचारलं नव्हतं, आणि हा मेला आपणहून कधी बोलला नव्हता.

दारातून बघणाऱ्या प्राची मॅडम पुढं आल्या. "काका, नववीच्या मुलांसाठी पण याल का?"

हिरामण तोंड उघडणार, तेवढ्यात संध्या म्हणाली, "त्याला वेळ नसतो हो. शेती आहे त्याची."