शिखराचं पीस

आज जाड इंग्रजी शब्दकोश झटकला आणि त्यातून कोंबडीचं पीस पडलं. जुन्या पानांच्या वासानं मी थेट लोहा गावातल्या शाळेच्या दिवसांत पोचले.

'पिनॅकल' म्हणजे शिखर, असं सांगून सर मला म्हणाले, "मजुराच्या पोरी, तू कशाला लिहून राहिलीस?" वर्ग हसला. मी उभी राहिले आणि याच शब्दकोशातून मोठ्यानं वाचलं, की मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पीस. सर एवढंच म्हणाले, "बस खाली."

घरी आईनं हे ऐकून खुराड्यातलं एक पीस त्या पानात घातलं. "सांग सराला, असली शिखरं आपल्याकडं लई हायत."

तेव्हा सांगायची छाती झाली नाही. आता त्याच वर्गात मी इंग्रजी शिकवते. उद्या हे पीस नेणार, आणि आधी वर्गातल्या एका मजुराच्या पोरीच्याच हातात देणार.