डावीकडे पाच, उजवीकडे चार

लग्नाला गेलं की माणसं आधी नवरा-नवरी बघतात, नाहीतर पंगत कुठे बसली आहे ते बघतात. लॉकवाले सर आधी पत्रिका बघत. खुर्चीवर टेकल्या टेकल्या पिशवीतून पत्रिका काढायची, शर्टाच्या खिशातलं भिंग काढायचं आणि पत्रिकेच्या कोपऱ्यातलं पिंपळाचं पान डोळ्यांशी धरून काहीतरी मोजायचं. मोजताना त्यांचे ओठ हलत. मग पत्रिकेची घडी पुन्हा पिशवीत जायची आणि सर म्हणायचे, "चला, जेवून घेऊ." बघणाऱ्यांना वाटे, या माणसाला आपल्याच कामाचं फार कौतुक. मलाही बरीच वर्षं तेच वाटत होतं.

कौतुक करावं असं ते काम होतंच. सर मूळचे पातूरकडचे, राहायला अकोल्यात, टायपिंग शिकवायचे. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका छापायला एका प्रेसमध्ये गेले. त्यांना वर बुद्धाचं चित्र आणि कोपऱ्यात पिंपळाचं पान हवं होतं. प्रेसवाल्याकडे गणपतीचा ठसा होता, कलश होता, सनई-चौघडा होता. "पान नाही आपल्याकडे, कलश टाकून देऊ का?" असं त्याने विचारलं. ही गोष्ट सर मला सांगत तेव्हा त्यात राग नसे. "त्याचं काई चुकलं नाई, भाऊ. त्याच्या खोक्यात जे होतं ते त्यानं दाखवलं. मंग मी म्हटलं, आपलं खोकं आपनच करू."

आणि त्यांनी केलं. पुस्तकं आणून कॉम्प्युटर शिकले, मराठी अक्षरं एकेक करून स्वतः काढली, पिंपळाचं पान तर दारापुढच्या झाडाचं आणून समोर ठेवून काढलं. नावं, तारीख आणि ठिकाण टाकलं की पत्रिका तयार, असा तो प्रोग्राम होता. त्यात बुद्ध होता, पान होतं, आणि गणपती नि कलशही होते. सरांनी कोणाचंच काही वगळलं नव्हतं. मग शिकवणं सोडून ते प्रोग्राम विकू लागले. अमरावतीत माझा लहानसा प्रेस. शिशाचे खिळे जुळवणं सोडून मी कॉम्प्युटर घेतला, तेव्हा त्यावर पहिला प्रोग्राम चढला तो सरांचा.

प्रोग्रामबरोबर एक लॉक यायचं. अंगठ्याएवढी काळी डबी, कॉम्प्युटरच्या मागे खोचायची. ती असेल तर प्रोग्राम उघडणार, काढली की बंद. म्हणजे एकाने विकत घ्यायचा आणि दहा जणांनी उतरवून घ्यायचा, हे होऊ नये. बसवायला सर स्वतः एसटीने यायचे, दोन्ही स्क्रू पिळायचे आणि हात पुसत म्हणायचे, "माल माझा, भरोसा तुमचा." पुढे केव्हाही आले की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी एकच विचारायचे, "लॉक चालू हाये ना?" त्यावरूनच त्यांना लॉकवाले सर हे नाव पडलं, आणि त्यांनी ते मुकाट्याने घेतलं.

भरोसा आमचा होता, पण त्या डबीचा काही नव्हता. आपल्याकडचा उन्हाळा, त्यात विजेचा सतत खेळ, आणि नेमकी तेव्हाच लग्नसराई. एका वैशाखात माझं लॉक जळालं. काउंटरवर तीन नवरदेवांचे बाप बसलेले. सरांना फोन केला, तर ते आईला घेऊन दवाखान्यात. "दोन दिवस थांबा, भाऊ, येतो मी," म्हणाले. मी थांबू शकत होतो, लग्नं थांबणार नव्हती. आमच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक जण होता. त्याने चहा निवायच्या आत प्रोग्राममधून लॉकची अटच काढून टाकली. प्रोग्राम उघडला, पत्रिका छापल्या, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. विकत घेतलेली वस्तू होती, स्वतःपुरती चालती करून घेतली होती.

तिसऱ्या दिवशी सर नवीन लॉक घेऊन आले, बसवलं, आणि मी गप्प राहिलो. तिथंच सगळं मिटलं असतं. पण दिवाळीला बाळापूरचा साळा आला. त्याला पत्रिकांचं दुकान टाकायचं होतं. "भाऊजी, तुमच्याकडे बिनलॉकचा हाये म्हन्ते ना, द्या की एक सीडी करून." त्याला हे कोणी सांगितलं हे विचारायची सोय नव्हती, कारण सांगणारी आतल्या खोलीत करंज्या तळत होती. सणाला घरी आलेल्या बायकोच्या भावाला नाही म्हणायची ताकद माझ्यात नव्हती, आजही नाही. मी सीडी करून दिली. बाळापूरहून ती पातूरला गेली, पातूरहून अकोल्याला, आणि पुढचा हिशेब मलाही ठाऊक नाही.

सरांची विक्री बसली. ते चिडले नाहीत, आणखी पक्कं लॉक करायच्या मागे लागले. आता प्रोग्राम दर दोन महिन्यांनी एक नंबर मागायचा, आणि तो सरांना फोन करून घ्यायचा. सर आंघोळीला असले की सहा प्रेस बंद. एकदा ते माझ्या दुकानात बसलेले असताना धामणगावचा एक प्रेसवाला आला आणि उभ्या उभ्याच त्यांच्यावर घसरला. "सर, मी तुमच्यापासून इकत घेतला, अन् माहंच बंद पडते. चोराचं झकास चालून राहिलं. मी काहून नाई चोरू, सांगा?" सरांनी पिशवीतून वही काढून त्याला नंबर लिहून दिला. शेजारी बसलेला मी कागदाची रिमं उगाचच इकडची तिकडे करत होतो.

मग पातूरला एक लग्न होतं. आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. सरांनी भिंग काढलं, पान मोजलं, पुन्हा मोजलं. मी सहज विचारलं, "सर, नेहमी काय मोजता हो?"

"पानाच्या शिरा," सर म्हणाले. "लॉक तोडनारा तोडतेच, हे मले सुरुवातीलेच माहीत होतं. म्हनून पानातच खूण ठेवली. हरेक गिऱ्हाइकाच्या पानाच्या शिरा अलग. पत्रिका कुठं का छापो, माल कोनाच्या घरून निघाला ते कयते."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "मग हे कोणाचं?"

"डावीकडे पाच, उजवीकडे चार," असं म्हणून त्यांनी पत्रिकेची घडी केली. "हाये एक. चांगला मानूस हाये." आणि मग म्हणाले, "तुमी जेवून घ्या, भाऊ. मले भूक नाई."

अमरावतीला परतल्यावर मी चप्पलसुद्धा न काढता दुकान उघडलं आणि माझ्याकडचं पान मोठं करून बघितलं. डावीकडे पाच शिरा होत्या, उजवीकडे चार.

त्यानंतरची पाच-सहा वर्षं मला आठवायलाही नको वाटतात. सर येत, चहा घेत, विचारत, "लॉक चालू हाये ना?" आणि मी म्हणे, "चालू आहे, सर." ते नवीन लॉकही केव्हाच मेलं होतं, मी बिनलॉकचाच प्रोग्राम चालवत होतो. त्यांना दिसावं म्हणून ती डबी मी मागे खोचून ठेवली होती, आठवड्याला तिच्यावरची धूळ पुसत होतो. सर वाकून डबीकडे बघत, मान हलवत आणि चहाचा कप उचलत. आज सांगू, उद्या सांगू, असं करत मी त्यांच्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारत राहिलो. इतका मित्र माणूस, आणि तो दुकानातून गेला की मला हायसं वाटायचं. याची लाज मला अजून वाटते.

शेवटी सरांनी अकोल्यातलं ऑफिस बंद केलं. ते एका पत्रिकेच्या दुकानात कामाला लागले असं कळलं, तेव्हा मी भेटायला गेलो. भर दुपार होती, वर पंखा आवाज करत फिरत होता. सर एका कोपऱ्यात कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवत होते, त्यांच्या स्वतःच्या प्रोग्रामवर. कॉम्प्युटरच्या मागे लॉक नव्हतं. स्क्रीनवर पिंपळाचं पान होतं, आणि ते मोजायला मला भिंग लागलं नाही. मालक माझ्याकडे बघून कौतुकाने म्हणाला, "याईचा हात भारी बसला हाये या प्रोग्रामवर." तो प्रोग्राम कोणी केला हे त्याला माहीत नव्हतं आणि सरांनी सांगितलं नव्हतं.

बाहेर चहाच्या गाडीवर मी सगळं ओकून टाकलं. जळालेलं लॉक, गल्लीतला दुरुस्तीवाला, साळा, सीडी, दाखवायला खोचलेली डबी. सर ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "माहीत हाये. पातूरपासून."

"मग बोलले काहून नाही, सर?"

"राग आला होता. लय आला होता. त्या दिवशी जेवलो नाई, घरी जाऊन बायकोवर खेकसलो." त्यांनी कप गाडीवर ठेवला. "मंग इचार केला, याच्याशी भांडून काय होनार? हा तं इकत घेनारा. चोरासाठी लॉक केलं, अन् ते पडलं तुमच्याच दारावर. चोराच्या दाराले माहं लॉक कधी लागलंच नाई. थकलो, भाऊ. आता मी बी बिनलॉकचाच वापरून राहिलो. चांगला चालते."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. चहाचे पैसे मात्र त्यांनी मला देऊ दिले नाहीत. त्यानंतर आम्ही बरेचदा भेटलो, पण लॉक चालू आहे का हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मला तो प्रश्न ऐकू यायचा राहिला याचंच जास्त वाईट वाटायचं.

सर गेले त्याला आता वर्ष होईल. हल्ली पत्रिका मोबाइलवरच येतात, पान असतं तेही कुठलंतरी आयतं. माझा प्रेस नावापुरता उरला आहे. सर गेल्यावर दोन दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. ती अकोल्याला शाळेत शिकवते. "काका, पुण्यानुमोदनाच्या पत्रिका छापायच्या आहेत. घरच्या कॉम्प्युटरवर बाबांचा प्रोग्राम उघडत नाही. नंबर मागतो, आणि नंबर तर बाबाच द्यायचे."

मी जुना कॉम्प्युटर पुसून सुरू केला. त्यांचं नाव त्यांच्याच अक्षरांत जुळवलं, कोपऱ्यात पान टाकलं. पानाला एक शीर वाढवावी असं मनात आलं होतं. हात माउसवर गेलाही होता. पण आता ते कोणापासून लपवणार होतो! आहे तसं राहू दिलं आणि छापलं.

पत्रिका न्यायला मुलगी स्वतः आली. एक उचलून तिने पानावरून बोट फिरवलं, आणि डोळे पुसले. मी विचारलं, "अकोल्यात इतकी दुकानं आहेत, हाच प्रोग्राम आहे सगळ्यांकडे. इतक्या लांब कशाला आलीस, बाई?"

"बाबा सांगून गेले होते," ती म्हणाली. "म्हणाले, माही पत्रिका माह्याच अक्षरात छापजो. घरचं उघडनार नाई. अमरावतीले भाऊकडे जाजो, त्याईचं लॉक चालू हाये."

ती माझ्याकडे बघत होती. मी गठ्ठ्याला दोरी बांधत होतो, ती दोनदा सुटली.

"हो," मी म्हटलं. "चालू आहे."