टोपलीवालीचं बेट

टोपलीवालीच्या टोपल्यांना पीठ सुटायचं. नवी कोरी टोपली आणून कोपऱ्यात ठेवावी आणि काही महिन्यांत तिच्याखाली पिवळसर भुकटी साचलेली दिसावी. भुंगा लागलेला असायचा. उचलायला जावं तर काठ हातात आणि टोपली खाली. गावातल्या बायका तिच्याकडून घ्यायच्या आणि घेतानाच कुरकुरायच्या, "हिची टोपली म्हणजे पाहुणी बाई. आली तशी जाणार." मग भाव पाडून मागायच्या. ती द्यायची. न देऊन करते काय?

हात वाईट होता म्हणाल तर मुळीच नाही. वीण अशी घट्ट की पाणी ओतलं तर त्यानंही गळण्याआधी क्षणभर विचार करावा. दोष बांबूत होता. बांबू तीन-चार वर्षं उभा राहिला की पिकतो, कडक होतो, त्याला कीड सहसा शिवत नाही. कोवळा बांबू गोड; भुंग्याला ती मेजवानीच. हे तिला सासूनं लग्न होऊन आल्या आल्या सांगितलं होतं. पण पिकलेला बांबू असतो पार आत, दाटीवाटीत. तिथवर पोचायचं तर मेलेल्या, वाकड्या, एकमेकांत अडकलेल्या बांबूंतून वाट पाडावी लागते आणि त्यात आठवडेच्या आठवडे जातात. कोवळा मात्र कडेलाच उभा. कोयत्याचे दोन घाव, की आला हातात. संध्याकाळी चूल पेटवायची असेल तर माणूस दोन घावांचाच बांबू तोडणार. यावर तिला शहाणपण शिकवायला येणाऱ्यांनी आधी एक दिवस उपाशी राहून दाखवावं.

घराच्या मागं बांबूचं बेट होतं. आजेसासऱ्यांनी लावलेलं. त्या बेटावर तीन पिढ्या जगल्या. पण दरवर्षी कडेकडेनं खुडलं गेल्यामुळे ते बाहेरून टकलं झालं होतं आणि आतून केसांचा गुंतवळ. नवे कोंब येतात ते कडेलाच. तेच तोडले तर बेट पसरणार कुठून? कोवळा बांबू म्हणून पीठ, पीठ म्हणून पडका भाव, पडका भाव म्हणून जास्त टोपल्या, आणि जास्त टोपल्यांसाठी पुन्हा कोवळाच बांबू. हे असंच चाललं असतं तर थोड्या वर्षांत बेट संपलं असतं, आणि मग हात कितीही चांगला असला तरी विणायचं काय? तिला हे कळत नव्हतं असं समजू नका. मी टोपली घ्यायला गेले की मला म्हणायची, "बाई, मी माझंच शेपूट खातेय. पण भूक लागली की शेपूट तर शेपूट!"

घरात सासू, नवरा आणि शाळेत जाणारी लेक. नवऱ्याला गाव मुकादम म्हणायचं. कधी काळी एका बांधकामावर खरा मुकादम आजारी पडला होता आणि यानं थोडे दिवस त्याची शिट्टी वाजवली होती. शिट्टी परत गेली, पदवी राहिली. वर्षातले बरेच महिने तो बाहेरगावी विटा वाहायचा आणि परत यायचा तो आणखी वाळून. सासू डोळ्यांनी अधू आणि जिभेनं धडधाकट.

अशात एका संस्थेनं हे गाव निवडलं. प्रत्येक गरीब घरातल्या बाईच्या खात्यात दर महिन्याला ठरावीक रक्कम, सलग तीन वर्षं. अट कसलीच नाही. हे सांगायला संस्थेची एक मुलगी स्कूटरवरून आली. सभा शाळेच्या व्हरांड्यात झाली. कोणाचाच विश्वास बसला नाही.

"परत कधी करायचे?" कुणीतरी विचारलं.

"परत करायचेच नाहीत."

"मग बदल्यात काय?"

"काही नाही."

"काही नाही कसं? फुकट कोण देतं?"

मुकादम मागून पुटपुटला, "किडनी मागतील बघा."

"तुझी?" सासू म्हणाली. "भंगारवालासुद्धा घेणार नाही, मेल्या."

पैसे मात्र आले. ठरल्या तारखेला आले, पुढच्या महिन्यात पुन्हा आले. घर चालेल एवढे नव्हते, पण चूल विझणार नाही एवढे होते. आणि महत्त्वाचं म्हणजे ते येणार हे माहीत होतं. ज्यांना पगाराची सवय आहे त्यांना याची किंमत कळायची नाही. पुढच्या महिन्यातही आपण जेवणार आहोत हे आधीच ठाऊक असणं, ही त्या घरात अगदी नवी गोष्ट होती.

इथं सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. पण गावात एक किराणावाला होता. त्याच्या दुकानात साखरेपेक्षा बातम्या जास्त खपायच्या. त्यानं वजन करता करता सांगून टाकलं, "जो सुधारलेला दिसेल, त्याचं नाव कापणार." तुला कोणी सांगितलं, असं कोणीही विचारलं नाही. वाईट बातमीला पुरावा लागत नाही.

झालं! संस्थेच्या मुलीची स्कूटर वळणावर वाजली की गाव भराभर गरीब व्हायला लागे. नव्या चपला माळ्यावर. नवा कुकर गोणपाटाखाली. एका बहाद्दरानं तर छपराचा नवा पत्रा उतरवून पोराबाळांसकट उन्हात बसायची तयारी ठेवली होती. घराघरातली चांगली चादर पाहुण्यांसाठी ठेवणीत असते ना, तशी या गावानं गरिबी ठेवणीत ठेवली आणि मुलगी आली की ती अंथरायची.

टोपलीवालीनं याहून मोठा घोळ घातला. त्या पावसाळ्यात बेटाला कोंब आले ते भरघोस. कित्येक वर्षांत आले नव्हते इतके. घरात रोजची ददात नव्हती, त्यामुळे ते तोडायची गरज नव्हती. कोंब बघता बघता कुंपणाच्या वर गेले आणि रस्त्यावरून दिसायला लागले. एवढं बेट दारात असताना हिला मदत कशाला, असं कुणी म्हटलं तर? एका सकाळी तिनं पदर खोचला आणि सगळे कोंब मोडून टाकले. एकूण एक. शेळ्या चार दिवस चघळत होत्या.

मी नेमकी टोपली दुरुस्तीला घेऊन गेले होते. बघितलं आणि माझं डोकं फिरलं.

"अगं बये, हे काय करून बसलीस?"

"दिसत होतं, बाई. पार रस्त्यावरून दिसत होतं."

"दिसेना का! पैसे कशासाठी देतात मग?"

"गरीब आहे म्हणून देतात. गरीब दिसले नाही तर कशाला देतील?"

मी बरंच काही बोलले. पण घरी येताना वाटलं, तिचं काय चुकलं? आजवर ती ज्या ज्या दारी काही मागायला गेली, तिथं आधी तिचा अवतार बघितला गेला होता. जरा धड साडी नेसून गेलं की कारकून म्हणायचा, "तुम्हाला काय कमी आहे?" आयुष्यभर जे शिकवलं तेच तिनं केलं. फक्त या वेळी धडा खोटा होता. बांबूला पिकायला तीन वर्षं, पैसेही तीनच वर्षं, आणि त्यातल्या पहिल्या वर्षाचे कोंब शेळ्यांच्या पोटात गेले होते.

हिवाळ्यात ती मुलगी अचानक आली. पुढचा प्रसंग मला सासूनं इतक्यांदा सांगितला आहे की मी तिथंच होते असं आता मला वाटतं.

टोपलीवालीनं मदतीच्या पैशांतून कोंबड्या घेतल्या होत्या. स्कूटर वाजताच तिनं त्या पकडून पत्र्याच्या ट्रंकेत कोंबल्या आणि झाकण लावलं. मुलगी आत आली, घरात खुर्ची नव्हती, तेव्हा ती सरळ ट्रंकेवर बसली. आतून "कुक्" झालं. सासू जोरात खोकली. पुन्हा "कुक्कुक्". सासू पुन्हा खोकली. लेक तोंडात ओढणी कोंबून भिंतीकडे वळली.

"आजी, खोकला फार वाढलाय हो. दवाखान्यात गेला होतात का?"

"थंडीचा आहे गं."

आत आता दंगलच सुरू झाली. सासू खोकून खोकून लालबुंद झाली आणि शेवटी हात जोडून म्हणाली, "पोरी, ऊठ बाई आता. माझ्या घशात दम राहिला नाही आणि त्या कोंबड्यांच्यातही."

झाकण उघडलं. कोंबड्या फडफडत घरभर झाल्या. एक मुलीच्या पिशवीवर जाऊन बसली. लेकीला हसू आवरेना. टोपलीवाली मात्र दाराला धरून उभी राहिली होती, पांढरीफटक.

"ताई, नाव कापू नका. उद्याच्या उद्या विकते."

"विकताय कशाला?" मुलगी थक्क झाली. "नाव कशाला कापू? कोंबड्या घेतल्यात ते चांगलंच केलंत की!"

"सुधारलेलं दिसलं की बंद करणार ना तुम्ही?"

"कोणी सांगितलं हे?" तिला रागच आला. "मावशी, तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं. तुमचं बरं चाललं तरी देणार, वाईट चाललं तरी देणार."

"बेट वाढलं तरी?"

"बेट वाढलं तरी. बंगला बांधलात तरी."

"बंगला राहू द्या. बेट वाढलं तरी ना?"

"हो म्हटलं ना, मावशी!"

टोपलीवाली मागच्या दारानं बाहेर गेली. मुलीनं विचारलं, "काय झालं यांना?" तेव्हा सासूनं सांगितलं, "कोंब मोडलेत तिनं. सगळेच्या सगळे. तुला दिसू नयेत म्हणून."

रडत बसायचा तिचा स्वभाव नव्हता. त्याच आठवड्यात तिनं नवऱ्याला सांगितलं, "अहो, या वर्षी विटा वाहायला जायचं नाही. बेट उघडायचं आहे."

"माझ्यावाचून काम अडेल तिथं."

"अडू दे रे," सासू म्हणाली. "सावरतील बिचारे."

हेच त्या पैशांनी केलं, दुसरं काही नाही. दोन धडधाकट माणसं एक अख्खा हंगाम मजुरीवाचून घरी राहू शकली. बाजारच्या टोपल्या बंद ठेवल्या आणि दोघं सकाळपासून बेटात. रस्त्याच्या उलट अंगानं घोड्याच्या नालेसारखी अर्धगोल वाट पाडत ते आत शिरले. मेलेले बांबू ओढून काढले, अडकलेले सोडवले, निरोगी जुने आधाराला तसेच ठेवले. दोघांचे हात असे ओरबाडले गेले की मुकादम म्हणायचा, "मांजराशी भांडलो असतो तर निदान एकदाच ओरबाडलं असतं." आतून निघालेल्या पिकल्या बांबूच्या तिनं टोपल्या विणल्या. बायकांनी नेहमीच्या सवयीनं भाव पाडला. तिनं टोपली परत ओढून घेतली. "राहू द्या मग. मला घाई नाही." बायका चाट पडल्या. आठवड्यानं त्याच बायका ती सांगेल तो भाव देऊन घेऊन गेल्या, आणि पीठ सुटत नाही म्हटल्यावर शेजारच्या गावांतूनही मागणी यायला लागली.

दुसऱ्या पावसाळ्यात कोंब आले आणि तिनं त्यांना हात लावला नाही. तिसऱ्यातही आले. चुकून कोयता पडू नये म्हणून वर्षावर्षाच्या बांबूंना तिनं रंगाची कडी काढली, आधीच्यांना लाल, नंतरच्यांना निळी. सासूला ते दिसत नव्हतं, पण टोमणा तयार होता, "सुनेनं बांबूंनाही बांगड्या भरल्या." बेट पुन्हा रस्त्यावरून दिसायला लागलं. लेक पुढच्या शिक्षणासाठी बसनं मोठ्या गावी जायला लागली. मग तिसरं वर्ष सरलं आणि ठरल्याप्रमाणे पैसे बंद झाले.

लाल कडीचे बांबू तेव्हा दोन वर्षांचेही झाले नव्हते. मोडलेलं ते एक वर्ष आता आडवं आलं. आणि नेमका तेव्हाच बांधकामांच्या परांचीला बांबू पुरवणारा ठेकेदार ट्रक घेऊन दारात उभा राहिला. त्यानं बेटाला एक चक्कर मारली आणि म्हणाला, "उक्तं घेतो. सगळं बेट, बुंध्यापासून." जी रक्कम बोलला ती ऐकून मुकादम मटकन खाली बसला. त्यानं एवढे पैसे एकरकमी कधी ऐकलेसुद्धा नव्हते.

"अगं, विचार कर," तो हळूच म्हणाला. "आता महिन्याचे पैसेही नाहीत."

"तेच म्हणतो मी," ठेकेदारानं धागा उचलला. "मावशी, मदत बंद झाली तुमची. ऐकलंय मी. आता अडवून काय फायदा? बांबू काय, पुन्हा उगवतो."

टोपलीवाली विणायला बांबूच्या कामठ्या सोलत होती. सुरी खाली ठेवून ती उठली. माझ्यासमोरच चाललं होतं हे, आणि खरं सांगते, मला धाकधूक वाटत होती. भुकेचा अनुभव असलेल्या माणसानं एकरकमी पैसे घेतले असते तर मी कोणत्या तोंडानं नावं ठेवली असती?

ती बेटाच्या तोंडाशी गेली आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "अहो, मोडलं ते वर्ष माझ्या भीतीनं मोडलं. आता पुन्हा नाही." मग ठेकेदाराला म्हणाली, "बिनकडीचे जुने आत आहेत, ते न्या. सगळे नाही, मी दाखवीन तेवढेच. लाल-निळ्याला हात लावायचा नाही."

"आत कोण शिरणार? माझी माणसं कडेनं तोडतात. पटापट."

"आत जायला वाट आहे."

"मला नाही परवडत असं."

"नाही तर राहू द्या."

ठेकेदारानं टोपी काढली, घाम पुसला, मुकादमाकडे पाहिलं. मुकादम उठून उभा राहिला होता. "तिचं बेट आहे," तो म्हणाला. "मी कोण बोलणार?" हे त्याच्या तोंडून ऐकून मीच गार पडले.

संध्याकाळपर्यंत जुने बांबू निघाले. ट्रक निम्माच भरला. ठेकेदार कुरकुरत पैसे देऊन गाडीत चढला आणि खिडकीतून म्हणाला, "एवढ्यात दिवस काढणार तुम्ही?"

"ओढाताण होईल," ती म्हणाली. "पण निघेल. पुढचा हिवाळा सोडून त्याच्या पुढच्या हिवाळ्यात या, लाल कडीचे बघू. आणि जाताना तेवढं फाटक लावून घ्या, शेळ्या शिरतात."