अक्कांनी अडवून धरलेली पदवी

सुलोचनाअक्का गेल्याचा फोन त्यांच्या मुलानं केला, तेव्हा मी जळगावला भाजीच्या गाडीपाशी उभी होते. मेथीची जुडी हातात तशीच राहिली... पुढे धुळ्याला पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात त्यांचे एक नातेवाईक उभे राहिले आणि म्हणाले, "बिचारीची पदवी तेवढी राहून गेली." माझं डोकंच फिरलं. बिचारी? आणि अक्का? तिथे गप्प बसले, म्हणून आज लिहितेय.

अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झाल्यावर अक्का प्रौढ व निरंतर शिक्षणाच्या एम.ए.ला आल्या. धुळ्याहून एसटीनं जळगाव, आणि वर्गात माझ्या शेजारचा बाक. मी त्यांच्या सुनेच्या वयाची. डब्यातली कळण्याची भाकरी अर्धी मोडून माझ्यापुढे सरकवायच्या आणि टिपणं मात्र माझी उतरवून घ्यायच्या. आयत्या बिळावर नागोबा, असं मी चिडवलं की खळखळून हसायच्या.

अभ्यासक्रमात प्रत्यक्ष वर्ग चालवून त्याचा अहवाल द्यायचा होता. अक्कांनी आपल्या वस्तीतल्या विहारामागच्या खोलीत बायकांचा साक्षरता वर्ग काढला. पहिला धडा, स्वतःचं नाव. आधार कार्डावर बघून अक्कांनी फळ्यावर 'कल्पना' लिहून मोठ्यानं वाचलं, तर जिचं ते नाव तीच बाई उठली आणि पदरानं पुसून मोकळी झाली. "हाई मनं नाव नही. हाई सासरनं शे. मना मायनी मथुरा ठेयेल शे." लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहितात, ते लिहिलं गेलं तेव्हा तिला वाचताही येत नव्हतं! मग एकेक बाई माहेरचं नाव मागू लागली. अक्कांनी तीच नावं शिकवली आणि अहवालातही तीच घातली.

अहवाल परत आला. नावं कागदपत्रांप्रमाणे हवीत, असा शेरा होता. आमचे सर मनानं चांगले, पण नियमाला भिणारे. "अक्का, तेवढं बदला की, पदवी हातात पडेल," म्हणाले. वर्ग चालू असतानाच अक्कांना जडलेलं दुखणं तोवर हाताबाहेर गेलं होतं आणि ते आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. मीही बसस्टँडवर त्यांना विनवलं, माहेरची नावं कंसात टाका, काय बिघडतं... त्यांनी मला मध्येच तोडलं. "डिग्री माले पाहिजेच, पोरी. पन ह्या बायासले परत पुसीसन नही." अहवाल होता तसाच त्यांनी पुन्हा दिला. उत्तर यायच्या आत त्या गेल्या.

तेव्हा राहून गेली म्हणू नका. अक्कांनी ती अडवून धरली. मला त्यांचा अभिमान वाटतो आणि रागही येतो. आणखी थोडं थांबल्या असत्या, तर भांडायला मीही बरोबर असते.

गेल्या आठवड्यात धुळ्याला गेले. विहारामागची ती खोली आता बंद असेल, कुणाकडून तरी किल्ली घ्यावी आणि थोडा वेळ आत थांबावं, असं मनात होतं. दार उघडंच होतं. बायका सतरंजीवर बसलेल्या, आणि फळ्याशी मथुराबाई एका नव्या बाईचा हात धरून अक्षर गिरवून घेत होत्या. मला पाहून कुणी रडलं नाही. मीच म्हणाले, "अक्कांसाठी दोन मिनिटं उभं राहू या का?"

मथुराबाईंनी त्या बाईचा हात सोडला नाही.

"उभं राहीसन काय व्हई, ताई? बसा. वर्ग चालू शे."

मी चपला काढल्या आणि मागे जाऊन बसले.