हिरव्या शाईची पिवळी चिठ्ठी

टाचणीकाकूंचा आवाज चढला, की त्यांचे यजमान वर्तमानपत्र घेऊन जिन्यात येऊन बसतात. बिचाऱ्यांचं निम्मं वाचन जिन्यातच झालंय. काकू सव्वीस वर्षं आरोग्य खात्यात उत्तरं लिहितात. त्यांना प्रश्न विचारायची छाती कोणाची?

काम असं. सभागृहात सदस्याने प्रश्न विचारला, की उत्तर काकूंनी लिहायचं आणि मंत्र्यांनी उभं राहून वाचायचं. वाचायचं ते पांढऱ्या कागदावर. मागे टाचणीने पिवळी चिठ्ठी. तिच्यावरचं कोणी खोदून विचारलं तरच सांगायचं.

या खेपेचा प्रश्न मोठ्या रुग्णालयातल्या लिफ्टचा होता. काकूंनी पांढऱ्यावर सरळ लिहिलं: लिफ्ट आठ महिने बंद आहे. मंत्र्यांच्या सचिवांनी, म्हणजे माणसाआधी ज्यांचं अत्तर खोलीत शिरतं त्यांनी, नवा पांढरा कागद करून घेतला: ‘लिफ्ट कार्यरत आहे.’ ते आठ महिने गेले पिवळ्या चिठ्ठीवर, सचिवांच्याच हिरव्या शाईत.

मंत्र्यांनी पांढरं वाचलं. पान उलटायचे कष्ट कोण घेतो?

एक सदस्य उठले. “कार्यरत? मग परवा सासूबाईंना खुर्चीत बसवून मी चार मजले चढवलं, ते काय हौस म्हणून?”

सभागृह खो खो हसलं. मंत्री लालबुंद. म्हणाले, “एका कर्मचाऱ्याने चुकीची माहिती दिली. कारवाई होईल.”

कर्मचाऱ्यांच्या बाकावर काकू बसल्या होत्या. तिथे तोंड उघडायची सोय नसते. त्यांनी नुसती हातातली टाचणी वाकवली.

संध्याकाळी सचिवांनी एक कागद पुढे सरकवला. ‘चूक माझी आहे.’

“सही करा, बाई. ताकीद देऊन सोडू. नाहीतर चौकशी. निवृत्तीला चौदाच महिने राहिलेत ना?”

“उद्या सांगते,” म्हणून काकू फाइल काखोटीला मारून निघाल्या.

घरी यजमान म्हणाले, “करून टाक ना सही. लिफ्ट काय तुझ्या बापाची आहे?”

“मंत्री कशाला असतो हो? फिती कापायला?” कढई आदळली. “त्या लिफ्टच्या उद्घाटनाची पाटी बघा, माझं नाव आहे का तिच्यावर? मिरवायला खातं त्याचं, आणि निस्तरायला माझं! खात्यात काहीही होवो, जाब त्याने द्यायचा, म्हणून तर त्याला तिथे उभं करतात. मला तिथे शिंकायचीसुद्धा बंदी, आणि चूक तेवढी माझ्या नावावर? मी नाही करणार सही!”

यजमान जिन्यात.

सकाळी काकूंनी सचिवांच्या टेबलावर पांढरा कागद ठेवला.

‘प्रश्न: सभागृहात चुकीचं उत्तर कोणी दिलं? उत्तर: मा. मंत्र्यांनी. प्रश्न: खात्याच्या चुकीचा जाब सभागृहाला कोणी द्यायचा? उत्तर: मा. मंत्र्यांनी.’ खाली ठसठशीत सही.

सचिवांनी कागद उलटला. मागे नुसती टाचणी. “चिठ्ठी कुठंय?”

“तुमच्या हिरव्या शाईतली? माझ्या पर्समध्ये आहे. चौकशीत कोणी विचारलं तरच दाखवायची.”

चौकशी लागली नाही. बदली मात्र झाली, जुन्या कागदांच्या खोलीत. काकू टाचण्यांची डबी घेऊन तिथे गेल्या. लिफ्ट अजून बंदच आहे, आणि त्यावरून काकू रोज यजमानांना फैलावर घेतात.

“अगं, मी काय मंत्री आहे?” जिन्यातून आवाज येतो.

“असता तरी जिन्यातच बसला असतात!”