अकरा पोकळ फरश्या

फोन आला तेव्हा शफी मिस्त्री जेवायला बसला होता. डिंगोऱ्याचे रखमाजी अण्णा एवढंच म्हणाले, "मिस्त्री, बागंतली फरशी हालतीय. आमच्या घरातली पडली. येऊन बघून जा." आणि फोन बंद झाला.

"कोण पडलं?" त्याच्या बायकोनं, अनवरीनं विचारलं.

"अण्णांची बायको. सरूबाई."

"लई लागलं का?"

"ते विचारायचंच ऱ्हायलं," शफी म्हणाला. हातातला घास त्यानं ताटात ठेवला.

जुन्नरात तीस वर्षं तो फरश्या बसवत होता. त्याच्या कामामुळं कुणाला इजा झाल्याचं कधी कानावर आलं नव्हतं. आता वाटेत, गाडीवर बसल्या बसल्या त्याला मागचा वैशाख आठवत होता. अण्णांच्या घरामागं, बागेत बसायला म्हणून त्यानं शहाबादी फरशी टाकली होती. खालचा भराव नवा होता. पाणी मारून, धुम्मसानं कुटून तो चार दिवस तरी दाबायला हवा होता. पण त्यांच्या नातीचा, समृद्धीचा, साखरपुडा दोन दिवसांवर आलेला. मोठ्या घरच्या माणसाला थांबा म्हणायची शफीची छाती झाली नव्हती.

सरूबाई पडवीत खाटेवर बसल्या होत्या. उजवं मनगट प्लास्टरमध्ये. हाड मोडलंय, महिना दीड महिना लागेल, असं कुणीतरी सांगितलं. शफीनं मान खाली घातली आणि थेट मागं गेला.

हातोडीच्या दांड्यानं तो एकेक फरशी वाजवू लागला. आवाज भरीव आला की तो पुढं सरके, पोकळ आला की फरशीवर खडूनं फुली मारी. अकरा फरश्या पोकळ निघाल्या. कडेची एक त्यानं पहारीनं उचलली. खाली कोपरापर्यंत हात जाईल एवढी जागा रिकामी. पावसाळ्यात सगळा भराव खचला होता.

अण्णा पाठीशी येऊन उभे राहिले. "घुशींनी पोखरलंय वाटतं. औंदा लई झाल्यात."

शफीला फक्त 'हो' म्हणायचं होतं. हो म्हटलं की विषय मिटला. तो गुडघ्यावर बसूनच राहिला.

"घूस न्हाई, अण्णा," तो शेवटी म्हणाला. "भराव कच्चा व्हता. मला तवाच ठावं व्हतं. साखरपुड्याची घाई बघून मी गप बसलो."

तेवढ्यात मागच्या दारातून सरूबाईंचा आवाज आला. "मला बी ठावं व्हतं. महिना झाला डुगडुगत व्हती. सांगितलं असतं तर तुमी मला बागंत फिरकू दिलं नसतं."

अण्णांनी एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा मिस्त्रीकडं. "म्हंजी ठावं न्हवतं ते मला एकट्यालाच," ते म्हणाले. मग, "किती दिस लागत्याल?"

"आठ. पयले चार दिस नुसतं पाणी न् धुम्मस. आता घाई न्हाई करणार."

"मी तरी कुठं करतोय?"

आठही दिवस शफीच्या जिवाला घोर होता. मुरूम घालून कुटलेला थर तो फरश्या बसेपर्यंत रोज सकाळी टाचेनं दाबून बघायचा. नवव्या दिवशी सरूबाई चालून बघायला निघाल्या. नको नको म्हणत शफी दोन्ही हात पसरून बाजूनं चालू लागला.

"मिस्त्री, तुमी मला सावरताय का फरशीला?" त्यांनी विचारलं. त्या टोकापर्यंत गेल्या आणि सावकाश परत आल्या. एकही फरशी हलली नाही.

पुढच्या भाद्रपदात, पाऊस ओसरल्यावर, शफी न बोलावता डिंगोऱ्याला गेला. सगळ्या फरश्या त्यानं पुन्हा वाजवल्या. एक पोकळ लागली. त्यानं अण्णांना हाक मारली आणि ती दाखवली. अण्णा धोतर आवरून खाली बसले आणि पहारीचं दुसरं टोक त्यांनी धरलं.